सैनिकांच्या शिध्यातून आलेले तयार जेवण : चार पाकिटांचा अनुभव

हरिश्चंद्रगडावरच्या मुक्कामासाठी या वेळी डाळ-तांदूळ आणि स्टोव्हऐवजी तयार जेवणाची पाकिटे नेली : राजम्याची दोन, भाजी पुलाव आणि सुजीचा हलवा यांचे प्रत्येकी एक. पाकिटांवर कंपनीचे नाव ठळक होते, पण त्यामागचे तंत्रज्ञान म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेचे असल्याचा उल्लेखही होता.

डीआरडीओ या संरक्षण संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची ही प्रयोगशाळा १९६१ मध्ये स्थापन झाली. पंधरा हजार फुटांवरच्या लष्करी चौकीत पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळत असल्याने तिथे डाळ शिजता शिजत नाही, आणि शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात चुलीचा धूर म्हणजे स्वतःचा ठावठिकाणा सांगणेच. शिवाय हिवाळ्यात चौकीचा रस्ता बर्फाने बंद झाला की साठवलेले अन्न टिकणे हाही संरक्षणसज्जतेचाच भाग ठरतो. शिजवलेला पदार्थ अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या पाऊचमध्ये हवाबंद करून दाबाखाली साधारण १२१ अंशांवर निर्जंतुक केला, की तो फ्रिजशिवाय आणि परिरक्षक न घालताही वर्षभर टिकतो. १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्यासाठी सुजीचा हलवा याच प्रयोगशाळेने तयार केला होता. पुढे एमटीआरसारख्या कंपन्यांनी तिच्याकडून तंत्र घेतले आणि सैनिकाचा शिधा परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या बॅगेत जाऊन बसला.

आता चवीविषयी. गडावरच्या झोपडीवजा हॉटेलात पातेलेभर उकळते पाणी मिळाले, त्यात पाकिटे सात-आठ मिनिटे बुडवली. राजमा उत्तम निघाला. रश्शाच्या पदार्थाला ती प्रखर उष्णता मानवते. राजम्याचे दुसरे पाकीट मुद्दाम थंडच खाल्ले, कारण जवानाला अनेकदा तसेच खावे लागत असणार, आणि तेही निभावले. पुलावाचा मात्र गिचका झाला होता. हलवा गरम असेपर्यंत छान होता, पण गार होताच तूप थिजले. मीठ सगळ्यांतच जरा जास्त. खाच असूनही एक पाऊच हाताने फाटला नाही, चाकू काढावा लागला. हातमोजे घातलेल्या माणसाने काय करावे?

प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असल्याने या पाऊचचा पुनर्वापर अवघड असतो, त्यामुळे तेलकट पाकिटे गुंडाळून खाली आणावी लागली. घरी गॅस आणि कुकर असताना मी ही विकत घेणार नाही. गडासाठी पुन्हा राजमा घेईन, पुलाव नाही, आणि रिकाम्या पाकिटांसाठी एक वेगळी पिशवी.