‘लॉसलेस’च्या नावाखाली मला विकलेली चिपाडं

मागच्या गणपतीआधी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ऑडिओच्या दुकानातून मी साडेचौदा हजारांना दोन टीबीची हार्ड डिस्क घेतली. दुकानाचं नाव लिहीत नाही. डिस्कवर जुनी हिंदी-मराठी गाणी आणि बरंचसं शास्त्रीय, ‘सगळं ओरिजिनल सीडीवरून काढलेलं, फ्लॅक, लॉसलेस’. फ्लॅक हा फाइलीचा प्रकार आणि लॉसलेस म्हणजे मुळातलं काही न गाळता साठवलेलं. कोरी डिस्क तेव्हा निम्म्याहून कमी पैशात मिळत होती. वरचे पैसे क्वालिटीचे.

मी इतका भोळा नाही, पण त्या डेमोनं घात केला. काचेची खोली, माणसाच्या उंचीचे स्पीकर, हातात चहा. एकच गाणं दोनदा लावलं. ‘काका, ही एमपीथ्री. आता ही आमची ऐका.’ दुसऱ्या वेळी तबलजी समोर येऊन बसल्यासारखा वाटला. मी म्हणालो, ‘लै फरक आहे हो!’ तो नुसता हसला. दोन गाण्यांच्या मध्ये त्याचा हात माउसवर गेलेला मी बघितला होता. त्याचा अर्थ कळायला दिवाळी उजाडली. आवाज एखाद-दोन डेसिबलनं चढवला तर आपल्याला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. भरदार, स्वच्छ, जवळचा. म्हणून तुलना करायची तर दोन्हींचा आवाज मोजून सारखा करावा लागतो आणि कुठली फाइल चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. मला तर त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

दिवाळीत इंजिनिअरिंगचा भाचा आला. त्यानं एक गाणं ‘स्पेक’ नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. पडद्यावर रंगीत आलेख आला, खाली मंद्र, वर तार. ‘मामा, हे बघ की.’ १६ हजार हर्ट्झच्या वर सगळं काळंकुट्ट, विळ्यानं गवत कापल्यासारखं सरळ. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यामुळे २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात मावतो. एमपीथ्री करताना कानाला कळणार नाही असं वाटतं ते गाळतात आणि १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट एवढीच माहिती ठेवली तर, साधारण १६ हजाराच्या वरचं बहुधा सरसकट छाटतात. म्हणजे दुकानदारानं एमपीथ्रीच फ्लॅक करून दिल्या होत्या. १२८ ची पाच मिनिटांची एमपीथ्री पाच एमबीच्या आत बसते. तीच फ्लॅक केली की फुगते, म्हणून आकार बघून मला संशय आला नाही. फ्लॅकचा यात दोष नाही. जे दिलं ते जसंच्या तसं जपणं एवढंच त्याचं काम. चिपाड दिलं तर चिपाड जपतं, रस कुठून आणणार?

चाळीस गाणी तपासली, एकतीस तसली निघाली. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून घेतलेल्या गायकीत वरचे सूर मुळातच नसतात, पण तिथं खरखर असते आणि ती हळूहळू विरत जाते, अशी एका रेषेत तुटत नाही. ३२० केबीपीएसची एमपीथ्री मात्र २० हजारापर्यंत जाते, ती या आलेखात सहज सापडत नाही.

आता लाजिरवाणा भाग. भाच्यानं माझ्याच एका सीडीवरून ३२० ची एमपीथ्री केली आणि फूबार नावाच्या गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नावं झाकून माझी परीक्षा घेतली. सोळा वेळा ओळखायचं, बारा बरोबर आले तर नशीब नव्हे म्हणायचं. माझे नऊ आले. १२८ ला दहा. ६४ केबीपीएसला मात्र लगेच पकडलं, भजनातली झांज पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी येत होती. मग त्यानं नुसते सूर वाजवून बघितले. बारा हजाराच्या पुढं मला काहीच ऐकू येईना आणि तो सोळा हजारालाही मान डोलवत होता. म्हणजे जे छाटलं होतं ते माझ्या कानाच्या वरचंच होतं.

तरी दुकानदारानं पैसे लॉसलेसचेच घेतले होते की! घेणाऱ्यांनी दोन-चार फाइली पेनड्राइव्हवर मागून घरी तपासाव्यात, देत नसेल तर उठावं. डेमोत आवाजाचं बटण आपल्या हातात ठेवावं. आणि पावती घ्यावी. माझ्याकडं ती नव्हती. ग्राहक आयोगात गेलो असतो तर नक्कल केलेली गाणी विकत घेतली हे मलाच लिहून द्यावं लागलं असतं.

तरी दुकानात गेलो. आलेखाचा फोटो दाखवला. त्यानं चष्मा वर करून तो बघितला.

‘काका, दोन महिने ऐकलासा न्हवं? कधी काय कमी वाटलं?’

‘मला नाही, पण कॉम्प्युटरवर दिसतंय.’

‘मग कॉम्प्युटरला पाठवून द्या की माझ्याकडं.’

यावर मला काही सुचलं नाही. बाहेर पडताना काचेच्या खोलीत दुसरं गिऱ्हाईक चहा पीत बसलं होतं. आत जाऊन त्याला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून इथं लिहितोय.