होम थिएटरच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक, वायर प्लास्टरमध्ये जायच्या आधी हे वाचा

सरळ मुद्द्यावर येते. होम थिएटरचं पॅकेज करून देणाऱ्या एका माणसानं आमच्याकडनं चार लाख दहा हजार रुपये घेतले आणि त्या बदल्यात जुना बाहेरच्या देशातला रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारं मशीन), खोटी वायर आणि भिंतीवर चिकटवलेला स्पंज दिला. त्याचं नाव इथं लिहीत नाही कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे, पण तो जे जे करतो ते सगळं सविस्तर लिहिते, कारण कोल्हापुरात कळंबा, फुलेवाडी, उचगाव सगळीकडं नवीन बंगले चाललेत आणि वरच्या मजल्यावर एक खोली थिएटरसाठी ठेवायची हे आता बऱ्याच घरांत ठरलेलं असतं.

आमच्याकडं ही खोली आप्पांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी होती. कोल्हापूरच्या जुन्या माणसांना सिनेमाचं काय असतं ते वेगळं सांगायला नको, बाबुराव पेंटरांनी इथं सिनेमे काढले, प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथंच सुरू झाली, आणि आप्पांचं तर निम्मं तरुणपण टॉकीजच्या रांगेत गेलंय. आता गुडघ्यांमुळं त्यांना मल्टिप्लेक्सच्या पायऱ्या होत नाहीत म्हणून रिटायरमेंटच्या पैशातले काही त्यांनी स्वतःहून बाजूला काढले होते. ते पैसे गेले याचा मला जो राग आहे तो अजून तसाच आहे.

खोली 18 बाय 12 ची. त्या माणसाचं ऑफिस पुण्यात आणि राजारामपुरीत भाड्याच्या गाळ्यात डेमो रूम. डेमो खरंच जबरदस्त होता, आणि त्यातच पहिली गोम आहे. दोन सिस्टिम शेजारी लावून तो आधी स्वस्तातली वाजवायचा, मग महागातली, आणि महागातली लावताना हळूच आवाज वाढवायचा. कानाला जरासा मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो, भले मशीन तेच असू दे. त्यामुळं डेमोला जाताना आपला पाठ असलेला सिनेमा घेऊन जा आणि आवाज बारीक ठेवून फक्त माणसांचं बोलणं ऐका, शब्द स्पष्ट कळतात का बघा. मारामारीचा सीन कुठल्याही सिस्टिमवर भारीच वाटतो.

कोटेशनमध्ये लिहिलेलं असं: 'फोर के प्रोजेक्टर, 5.1.4 अ‍ॅटमॉस रिसीव्हर 1000 वॉट, इंपोर्टेड स्पीकर सेट, हेवी कॉपर वायर, साऊंडप्रूफिंग, 120 इंच स्क्रीन' आणि एकूण रक्कम चार लाख साठ हजार. अ‍ॅटमॉस म्हणजे छतातल्या स्पीकरमधनं वरनं वेगळा आवाज देणारी डॉल्बीची पद्धत, आणि 5.1.4 म्हणजे आजूबाजूचे पाच स्पीकर, बेसचा एक आणि छतातले चार. आता हे परत एकदा वाचा आणि यात एकाही वस्तूचा मॉडेल नंबर आहे का बघा. आमच्या ह्यांनी तेव्हाच विचारलेलं, तर उत्तर आलं, "दादा, मॉडेल दर महिन्याला बदलतात, मी तुम्हाला लेटेस्टच देणार की." सगळी फसवणूक ह्या एका वाक्यात बसवलेली होती हे नंतर उलगडलं. फोर के म्हणजे कुठला फोर के, 1000 वॉट म्हणजे कुठले वॉट, कॉपर म्हणजे किती गेजची, म्हणजे किती जाडीची, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही, त्यामुळं तो काहीही आणून ठेवायला मोकळा.

काम झालं, आप्पांनी नारळ फोडला, आठ-दहा दिवस बरं चाललं. मग आवाज जरा वाढवला की रिसीव्हर फट्कन बंद व्हायला लागला. फोन केला की म्हणायचा व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, स्टॅबिलायझर घ्या. घेतला. तरी तेच. नंतर म्हणाला व्हेंटिलेशन नाही, कपाटाचं दार उघडं ठेवा. ठेवलं. तरी तेच. मग फोनच उचलेना आणि राजारामपुरीतल्या गाळ्याला कुलूप.

शेवटी ह्यांच्या मित्राच्या ओळखीनं सांगलीचे एक टेक्निशियन आले. वय झालेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी रिसीव्हर कपाटातनं बाहेर ओढला, उलटा केला आणि मागच्या पत्र्यावरची छोटी अक्षरं मला मोबाईलच्या टॉर्चमध्ये वाचायला लावली. 'एसी 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ.' आपल्याकडं लाईट येते 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. म्हणजे हा अमेरिकेतनं आलेला माल, आणि कपाटाच्या तळाशी जाळीमागं जो काळा जड डबा गुणगुणत असायचा, ज्याला तो 'पॉवर फिल्टर' म्हणालेला, तो व्होल्टेज कमी करणारा साधा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर होता. कंपनीची भारतातली वॉरंटी अशा मशीनला मिळत नाही. कायद्यानं बाहेरनं आणलेल्या प्रत्येक खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी लागते. आमचं खोकं त्यानं "कचरा कशाला वहिनी, मी नेतो" म्हणून त्याच दिवशी गाडीत घालून नेलं होतं. खोकी कुणाला नेऊ देऊ नका, सगळं काम संपून बिल हातात येईपर्यंत माळ्यावर ठेवा.

मग त्यांनी मॉडेल नंबर शोधला तर मॅन्युअल निघालं 2011 सालचं. डॉल्बी अ‍ॅटमॉस थिएटरमध्ये आलं 2012 ला आणि घरच्या रिसीव्हरमध्ये आलं 2014 ला. म्हणजे ज्या मशीनचा जन्मच अ‍ॅटमॉसच्या आधीचा, ते आम्हाला अ‍ॅटमॉस म्हणून विकलं. बरं, छतात तर चार स्पीकर होते आणि त्यातनं आवाजही येत होता, मग ते कसं? त्यांनी रिमोटवरनं टेस्ट टोन लावला. हा ऑप्शन जवळपास प्रत्येक रिसीव्हरमध्ये असतो, एकेका स्पीकरमधनं आळीपाळीनं खरखर आवाज येतो. समोरचे तिन्ही बरोबर आले. उजवा सराऊंड, म्हणजे बसायच्या जागेच्या बाजूचा स्पीकर, लागला आणि त्याच वेळी छतातले उजवीकडचे दोन्ही पण खरखरले. डावीकडं पण तसंच. म्हणजे छतातले चारही स्पीकर सराऊंडच्याच वायरीला जोडून दिलेले, वरचा वेगळा आवाज असा काही नव्हताच. आणि रिसीव्हर बंद का पडायचा त्याचं उत्तर पण ह्यातच होतं, 8 ओहमचे तीन स्पीकर पॅरलल जोडले की लोड होतो 2.7 ओहमच्या आसपास (ओहम जितके कमी तितका मशीनवर ताण जास्त), असले रिसीव्हर साधारण 6, फार तर 4 ओहमपर्यंत झेपतात, त्याच्या खाली गेलं की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. आम्ही महिनाभर स्टॅबिलायझरला आणि लाईट बोर्डाला दोष देत बसलो होतो.

तुमच्या घरी सिस्टिम बसवली की पैशाचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी हा टेस्ट टोन समोर बसून लावून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. एका वेळी एकच स्पीकर वाजला पाहिजे. आणि अ‍ॅटमॉसचा सिनेमा लावल्यावर रिसीव्हरच्या डिस्प्लेवर अ‍ॅटमॉस असं नाव आलं पाहिजे. आमच्याकडं त्यानं स्ट्रीमिंग स्टिक थेट प्रोजेक्टरला लावलेली आणि तिथनं ऑप्टिकल केबलनं आवाज रिसीव्हरला आणलेला, कारण 2011 च्या मशीनमधनं आजचा फोर के सिग्नल जाईना. ऑप्टिकलमधनं फार तर साधं 5.1 जातं, त्यातनं अ‍ॅटमॉस येणं शक्यच नाही. कुणी अ‍ॅटमॉस म्हणून ऑप्टिकल केबल जोडत असेल तर तिथंच काम थांबवा.

प्रोजेक्टरचं थोडक्यात सांगते, कारण ही फसवणूक आता ऑनलाईन पण सर्रास चालते. 'फोर के सपोर्टेड' म्हणजे फोर के सिग्नल घेतो एवढंच, दाखवतो किती ते 'नेटिव्ह रेझोल्यूशन' मध्ये लिहिलेलं असतं. आमचा नेटिव्ह 1920 बाय 1080, म्हणजे साधारण 21 लाख पिक्सेल, फोर केला लागतात 83 लाख. तसंच नुसते 'लुमेन' (उजेडाचं माप) वाचू नका, ठरलेल्या पद्धतीनं मोजलेले एएनएसआय किंवा आयएसओ लुमेन विचारा, नुसत्या 9000 लुमेनला काही अर्थ नसतो. वॉटचं पण तेच, आरएमएस (सतत मिळणारी पॉवर) किती आणि किती चॅनल एकदम चालवून मोजलेत ते विचारा, पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या पॉवरचा, आकडा कितीही फुगवता येतो. स्क्रीन मात्र त्यानं सांगितलेलीच दिली आणि अंतर पण बरोबर काढलेलं, हे खरं ते सांगते.

आता वायर. मला सगळ्यात जास्त त्रास ह्याचाच झालाय. रिसीव्हर बदलता येतो, प्रोजेक्टर बदलता येतो, वायर भिंतीत गेलेली असते. टेक्निशियन काकांना वायर हातात घेतल्यावरच शंका आली होती, पण मला खात्री करून घ्यायची होती म्हणून उरलेला तुकडा घेऊन मी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडं गेले. ह्या माणसांचा सगळा दिवस तांब्यातच जातो. त्यांनी तुकडा तळहातावर उचलला आणि तिथंच म्हणाले, "वहिनी, हे तांबं न्हवं, वजनच न्हाई ह्याला." मग ब्लेड घेऊन एक तार हळू हळू खरवडली. वरचा लाल थर पापुद्र्यासारखा निघाला आणि आतनं पांढरी चकचकीत तार दिसली. अल्युमिनियम. वर तांब्याचा नुसता मुलामा. बाजारात ह्याला सीसीए म्हणतात, आणि ती विकणं गुन्हा नाही, पण कॉपर म्हणून कॉपरच्या भावानं विकणं ही सरळ सरळ लूट आहे. ह्या वायरीतनं वीज तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच वाहते, टोकं वाकवली की तुटतात, आणि उघड्या टोकाला ऑक्साईड चढून जॉईंट खराब होतो.

त्यात ही वायर त्यानं पाईपमधनं नेलेलीच नव्हती. भिंतीत खाचा मारल्या, वायर तशीच दाबली आणि वरनं प्लास्टर. पीव्हीसी कंड्युट असता तर जुनी ओढून नवी घालता आली असती, आता भिंती फोडण्याशिवाय इलाज नाही. वायर टाकली त्या दिवशी आम्ही घरी नव्हतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याला बोलावून त्यानं प्लास्टर उरकून टाकलं, एवढी घाई कशासाठी होती ते आत्ता समजतंय. माझं कळकळीचं सांगणं आहे, वायर बुजायच्या आधी स्वतः तिथं उभं राहा, एक तुकडा कापून ब्लेडनं खरवडून बघा, कंड्युट घातलाय का बघा आणि सगळ्या भिंतींचे फोटो मोजायची टेप लावून काढून ठेवा.

साऊंडप्रूफिंग म्हणून त्यानं भिंतींना पिरॅमिडच्या आकाराचा काळा फोम चिकटवला. असल्या फोमनं खोलीतला घुमणारा बारीक आवाज थोडा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज थांबत नाही, बेस तर अजिबात नाही. आवाज थांबवायला वजन लागतं, फटी बंद कराव्या लागतात, दाराला सील लागतं, भिंतीपासून सुटी दुसरी भिंत करून मध्ये रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरावं लागतं, आणि ते महाग काम आहे. खालच्या खोलीत झोपलेल्या माझ्या मुलीला पहिल्याच दिवशी सगळं ऐकू येत होतं. पण ह्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आग. टेक्निशियन काकांनी फोमचा बोटभर तुकडा गच्चीवर नेऊन चिमट्यात धरून पेटवला, तर तो भडकन पेटून काळा धूर सोडत वितळायला लागला. 2003 ला अमेरिकेत ऱ्होड आयलंडला एका नाईट क्लबमध्ये भिंतीवरच्या असल्याच फोमनं पेट घेतला आणि 100 माणसं गेली. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री इथलं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्यांनी बघितलंय त्यांना आग काय असते हे सांगायची गरज नाही. एकच दार असलेल्या बंद खोलीत, जिथं गुडघेदुखीचा म्हातारा माणूस बसणार, तिथं हा फोम लावला ह्या माणसानं. आम्ही तो त्याच दिवशी काढून टाकला. फायर रेटिंगचं सर्टिफिकेट असल्याशिवाय काही लावू देऊ नका.

बिल मागितल्यावर त्यानं जीएसटी नंबर असलेलं बिल व्हॉट्सॅपवर पाठवलं. दिसायला एकदम बरोबर, 15 अक्षरी नंबर, महाराष्ट्राचा 27 पण सुरुवातीला. जीएसटीच्या साईटवर टाकून बघितलं तर नोंदणी रद्द झालेली. हे लॉगिन न करता कुणालाही बघता येतं, 'सर्च टॅक्सपेअर' मध्ये नंबर टाकायचा. अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधीच कोटेशनवर नंबर मागून घ्या आणि तपासा.

ग्राहक आयोगाचं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळं त्याचं ऑफिस पुण्यात असलं तरी आम्ही कोल्हापुरातच दाखल केली. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी 1915 ह्या हेल्पलाईनला फोन करून तक्रार नोंदवता येते. आमच्याकडं पैसे चेकनं आणि यूपीआयनं गेल्याचे पुरावे, कोटेशन, व्हॉट्सॅपचं सगळं बोलणं, मागच्या पत्र्याचा फोटो, वायरचा खरवडलेला तुकडा आणि टेक्निशियन काकांचा सहीचा रिपोर्ट आहे. शेवटचे पन्नास हजार आप्पांनी आधीच अडवून धरले होते, तेवढे वाचले. नोटीस गेल्यावर त्याचा पहिल्यांदा फोन आला, "वहिनी, आपसात मिटवू की, मशीन बदलून देतो." आम्ही नाही म्हणालो. आम्हाला पूर्ण पैसे, भिंती फोडून परत वायरिंग करायचा खर्च आणि आप्पांना झालेल्या मनस्तापाची भरपाई पाहिजे, तसंच तक्रारीत लिहिलंय. राजारामपुरीतल्या त्या डेमो रूममधनं तुमचं काम झालं असेल किंवा निम्मं अडकलं असेल, तर आजच टेस्ट टोन लावून बघा, रिसीव्हर उलटा करून मागची प्लेट वाचा आणि फोटो काढून ठेवा.