पाइपचा तंबाखू, नऊ महिन्यांनंतर: एकच डबा मला आवडतो, मित्राला का नाही?

गेल्या ऑक्टोबरपासून तीन तंबाखू आलटून पालटून ओढतोय. लाटाकिया घातलेलं मिश्रण, नुसता व्हर्जिनिया आणि व्हॅनिलाचा वास दिलेला बर्ली. ही तिन्ही तंबाखूच्या पानांच्या प्रकारांची नावं.

लाटाकिया पहिल्याच दिवशी आवडला. हे पान लाकडाच्या धुरावर वाळवतात. नाव सीरियातल्या बंदराचं, माल आता बहुतेक सायप्रसचा. डब्याचं झाकण उघडलं आणि आजोळच्या न्हाणीघरातला पेटलेला बंब आठवला. तोच डबा मित्राला दिला, तर दोन झुरक्यांत त्याने पाइप खाली ठेवला. म्हणाला, "रबर जळल्यासारखं लागतंय रे." तो मुंबईत गॅसच्या शेगडीवर वाढला, त्याच्या आठवणीत लाकडाचा धूर नाहीच. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असं मोजकंच कळतं. बाकीची चव म्हणजे घशामागून नाकात जाणारा वास. आणि वास माणसागणिक वेगळा लागतो.

व्हर्जिनियाबाबत नेमकं उलटं झालं. तो मित्राचा लाडका, माझी मात्र जीभ पोळायची. दोन महिने मी दोष तंबाखूलाच दिला. मग त्याला ओढताना नीट पाहिलं. त्याचा एक पाइप तासभर चालतो, माझा पंचवीस मिनिटांत संपायचा. या पानात साखर भरपूर. भराभर ओढलं की धूर तापतो आणि जिभेला झोंबतो. झुरके लांबवले, तंबाखू भरण्याआधी अर्धा तास कागदावर पसरून ठेवू लागलो, तेव्हा कुठे तिसऱ्या महिन्यात त्यातला वाळल्या गवताचा गोडवा कळला. जूनमध्ये पुन्हा बिघडलं, कारण पावसाळी हवेत पान ओल धरतं. म्हणून एका आठवड्यात कुठल्याही डब्यावर मत देऊ नये, असं मी कळकळीने सांगेन.

बर्लीत साखर जवळजवळ नसते आणि धूर व्हर्जिनियाच्या मानाने अल्कधर्मी असतो. खायच्या तंबाखूला चुना लावतात तोही यासाठीच: अल्कधर्मी झालं की निकोटिन तोंडातूनच पटकन अंगात जातं. उपाशीपोटी ओढला तेव्हा मला गरगरलं. ज्यांना कडकपणा हवा, त्यांना हेच आवडतं. व्हॅनिलाचं म्हणाल, तर तो वास खोलीतल्या बाकीच्यांनाच जास्त येतो, माझ्या तोंडात फारसं काही उरत नाही. घरच्यांची पसंती मात्र यालाच.

धूर छातीत घेत नाही, तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. म्हणून आठवड्यातून दोनदा, त्यापुढे नाही.

आणखी एक. लाटाकियाचा वास पाइपच्या लाकडात मुरतो. त्याच पाइपात मित्राला व्हर्जिनिया भरून दिला, तर त्याला परत धूरच लागला. आता त्याच्यासाठी मक्याच्या कणसाचा वेगळा पाइप ठेवलाय. त्यात लाटाकिया कधी भरत नाही.