विश्रामबागेतलं दातांचं क्लिनिक: समजावून सांगण्याला पैकीच्या पैकी, वेळेला नापास

आईच्या डाव्या बाजूच्या वरच्या दाढा काढून बरीच वर्षं झाली, त्या बाजूनं चावताच येत नाही आणि कवळीचं नाव काढलं की चिडते, म्हणून इम्प्लांटची (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायचा पक्का दात) चौकशी करायला इथं नेलं. त्याआधी दुसरीकडं एका ठिकाणी गेलेलो तर तिथं बसायच्या आत कोटेशनच हातात, त्यात सायनस लिफ्ट म्हणून मोठी रक्कम लावलेली, ती कशाची ते कुणी सांगेना.

इथल्या मॅडमनी आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) काढला. तोंडाभोवती मशीन फिरतं, लगेच होतं, दुखत बिखत नाही. मग स्क्रीन आमच्याकडं वळवून दाखवलं, डावीकडं हाड उरलंय फक्त 4 मिमी आणि वर सगळी काळी पोकळी, तोच गालातला सायनस. उजवीकडं दाढा शाबूत आहेत तर तिथं हाड चांगलं जाड. म्हणाल्या ही पोकळी साधारण 18-20 वर्षांपर्यंत वाढते, पुढं वयाबरोबर उलट थोडी आक्रसते बहुतेकांची, पण वरची दाढ गेली की तिथलं हाड खालून झिजतं आणि वरून सायनस खाली उतरतो, म्हणजे दोन्हीकडून मार. इम्प्लांट नीट बसायला साधारण 8-10 मिमी हाड लागतं, म्हणून मग सायनसचं पातळ अस्तर अलगद वर उचलून खाली हाडाची पूड भरायची आणि ते हाड धरेपर्यंत काही महिने थांबायचं, हीच ती सायनस लिफ्ट. नंतर थोडे दिवस नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. हे ऐकूनच आईचा चेहरा उतरला.

आईनं मधेच विचारलं, सकाळी घशात चिकट कफ उतरतो तो पण यामुळंच का (आयुष्य हळदीच्या वखारीत गेलंय, घरात सगळा दोष हळदीच्या धुळीला). मॅडम म्हणाल्या, "काकू, ते वेगळं. वय झालं की नाकाच्या आतलं अस्तर कोरडं पडतं, शेंबूड पुढं ढकलणारे बारीक केस मंदावतात, मग तो घट्ट होऊन मागं घशात येतो." वास कमी यायला लागतो तेही वयानंच बऱ्याचदा. मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवा म्हणाल्या, पण पाणी उकळून कोमट केलेलं, थेट नळाचं अजिबात नको. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर सर्दी म्हणून सोडू नका, वरची किडलेली दाढ सायनसमधे पू सोडत असू शकते. दातांच्या डॉक्टरकडं नाकाचं एवढं ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं खरंच.

आता तक्रारी. अपॉइंटमेंटची वेळ नुसती लिहायला असते, लय बसवून ठेवतात. दवाखाना वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांनी काय करायचं? स्कॅनचे पैसे वेगळे हे थेट काउंटरवर कळलं, आधी सांगायला काय जातं. फाइल पण दोनदा मागितल्यावर मिळाली.

पण गळ्यात काही मारलं नाही हे मोठं. कवळी चालेल का विचारलं तर चालेल म्हणाल्या, घाई नाही, घरी बोला. शेवटी आईनं कवळीलाच हो म्हणलंय, माप द्यायचंय अजून. माझ्याकडून 5 पैकी 4. जाताना जुने एक्स-रे असतील तर घेऊन जा, मॅडम ते शेजारी लावून बघतात.