ठिपक्यांची वाट की सोनेरी उजेड?

'द विचर ३' (२०१५) या व्हिडिओ गेममध्ये मोहीम निवडली की कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर ठिपक्यांची वाट उमटते आणि नायक गेराल्टची घोडी रोच तिच्यावरून धावत सुटते. रस्ता चुकत नाही, पण नजर त्या गोल नकाशावरच खिळते. वेलेन प्रदेशातली दलदल, फाशी दिलेल्यांची प्रेतं लटकणारं ते झाड, सगळं बाजूनं निघून जातं. स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर दिसणाऱ्या प्रश्नचिन्हांनी तर मला थकवलं: होडी थांबवा, बुडी मारा, पेटी उघडा, पुन्हा तेच.

'एल्डन रिंग' (२०२२) या गेममध्ये ठिपके नाहीत, मोहिमांची यादीही नाही. विसाव्याच्या जागेवरून सोनेरी उजेडाची रेघ दिशा दाखवते, बस्स. नकाशा तुकड्या-तुकड्यांनी मिळतो, पण तुकडा ज्या शिळेपाशी असतो तिची बारीक खूण कोऱ्या नकाशावर आधीच दिसते. ही मला फार हुशार योजना वाटते. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशात उजेड स्टॉर्मव्हेल किल्ल्याकडे नेतो. दारातल्या मार्गिट या बलाढ्य शत्रूनं बेदम हाणलं की आपण दक्षिणेला वळतो आणि अख्खं द्वीपकल्प सापडतं. तो शोध आपला स्वतःचा असतो.

कथेच्या बाबतीत मात्र विचर सरस. ब्लडी बॅरन या पात्राची शोकांतिका नकाशावरच्या ठिपक्यांमुळेच शेवटपर्यंत हातातून निसटत नाही. एल्डन रिंगमधली पात्रं न सांगता जागा बदलतात. मार्च २०२२ च्या अपडेटनं त्यांच्या खुणा नकाशावर आणल्या, तरी धागा सुटतोच.

विचर पुन्हा खेळणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन तो छोटा नकाशा बंद करून बघा.