ॲक्रिलिकला भोक पाडताना काय वापरावं? साबणपाणी, डब्लूडी-४०, रॉकेल आणि स्पिरिट

३ मिमीच्या शीटला ४ मिमीचं एखादं भोक पाडायचं असेल तर काहीच लावू नका. बिट धारदार ठेवा, वेग कमी ठेवा, काम होतं. खरा प्रश्न ८-१० मिमीच्या शीटपासून पुढे येतो. ॲक्रिलिक उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे सगळी उष्णता बिटाच्या टोकाशीच साठते. शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, भुसा वितळून बिटाच्या खाचेत चिकटतो आणि मग बिट कापायच्या ऐवजी नुसता घासत राहतो. म्हणजे इथे द्रवाचं मुख्य काम गारवा देणं आणि भुसा बाहेर काढणं हे आहे. बुळबुळीतपणा त्यानंतरचा.

या कसोटीवर साबणपाणी पहिलं. अर्धा लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब पुरतात. जास्त घातलं तर फेसात खूण दिसत नाही. भोकाच्या जागेभोवती मळलेल्या कणकेचं किंवा मुलांच्या खेळातल्या क्लेचं छोटं आळं करून त्यात पाणी भरलं की सतत ओतत बसावं लागत नाही. खर्च जवळपास शून्य, आणि पुसल्यावर मागे काही उरत नाही. खोट एकच: हातात विजेचं यंत्र आणि खाली पाणी. बॅटरीवरचं ड्रिल बरं. वायरवालं असेल तर बाटलीतून थेंबथेंबच टाका आणि मोटरच्या हवेच्या फटींकडे शिंतोडे जाऊ देऊ नका.

डब्लूडी-४० या तेलकट स्प्रेने भोक गुळगुळीत येतं, पण पाण्याइतका गारवा मिळत नाही. नंतर तेलकट थर धुवावा लागतो, नाहीतर जोड धरत नाही. शिवाय पॉलिकार्बोनेट आणि पारदर्शक पॉलिस्टायरिन या ॲक्रिलिकसारख्याच दिसणाऱ्या प्लॅस्टिकांवर ते वापरू नका, असं कंपनीच सांगते. भंगारातून आणलेला पारदर्शक तुकडा नेमका कशाचा आहे हे डोळ्यांनी कळत नाही, तेव्हा अशा तुकड्यावर साबणपाणीच. रॉकेलनेही कापणी छान होते, पण ड्रिलच्या कार्बन ब्रशपाशी ठिणग्या उडत असताना बंद खोलीत रॉकेल? नको. खोबरेल चालतं, थंडीत थिजतं, पुसायला वैताग.

स्पिरिट, थिनर, ॲसिटोन मात्र दूरच ठेवा. गारवा पटकन मिळतो म्हणून स्पिरिटचा मोह होतो. भोकाची कड तापून फुगते, आणि निवताना आकसते तेव्हा तिच्यात ताण उरतो. त्या ताणलेल्या कडेत स्पिरिट शिरलं की केसासारख्या चिरा उघडतात, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. क्लोरोफॉर्मने जोड करणाऱ्यांनाही हेच लागू: तापवून पाडलेल्या भोकाजवळ तो ओघळला की पांढरी जाळी दिसते. काच पुसायच्या स्प्रेमध्येही अनेकदा अल्कोहोल असतं, म्हणून शेवटची पुसापुशीसुद्धा साबणपाण्याने.

द्रव कितीही चांगला असला तरी बिट नेहमीचा लोखंडावरचा असेल तर फायदा अर्धाच. त्याची धार ॲक्रिलिकमध्ये घुसते, आणि पलीकडे निघताना हिसका बसून टवका उडतो. धारेच्या पुढच्या कडेवर बारीक स्टोन फिरवून ती किंचित सपाट केली की बिट खोदत नाही, खरवडतो. हा दोन मिनिटांचा उद्योग कुठल्याही महागड्या स्प्रेपेक्षा मोलाचा. खाली लाकडाची फळी घट्ट क्लॅम्प करा, शीटवरचा कागद काढू नका. ६ ते १० मिमीच्या भोकाला मिनिटाला ५०० ते १००० फेरे पुरतात. २-३ मिमी आत गेलं की बिट वर काढा, भुसा झटका, पुन्हा द्रव. पलीकडे निघायच्या आधी दाब जवळजवळ सोडून द्या.

भुशाकडे लक्ष ठेवा. लांब, सलग रिबन निघते तोवर ठीक. बारीक पूड यायला लागली तर धार गेली आहे, आणि गोळे चिकटायला लागले तर वेग जास्त आहे. अशा वेळी आणखी द्रव ओतून काही साधत नाही, ड्रिल थांबवा.

स्क्रूपेक्षा भोक अर्धा-एक मिमी मोठं ठेवा. मीटरभर लांबीची शीट १० अंशांच्या फरकाने सुमारे ०.७ मिमी लांबते, आणि घट्ट भोकातून तडा तिथूनच सुरू होतो.