डिस्नेलँडचा पास दहा महिने वापरल्यानंतर: मुलांना नेमके कोणत्या वयात न्यावे?

आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात अर्वाइनला राहतो आणि अ‍ॅनाहाइमचे डिस्नेलँड घरापासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर आहे. गेल्या ऑक्टोबरात आम्ही ‘मॅजिक की’ हा वार्षिक पास घेतला, तेव्हा थोरली मुलगी साडेनऊ वर्षांची, मधला मुलगा पाच वर्षांचा आणि धाकटी अडीच वर्षांची होती. आता ऑगस्ट संपत आला आहे आणि आमच्या तेवीस फेऱ्या झाल्या आहेत. या काळात भारतातल्या नातेवाइकांपैकी ज्यांचा ज्यांचा अमेरिकेला यायचा बेत ठरला, त्या प्रत्येकाने फोनवर एकच प्रश्न विचारला की मुले कितीची झाली की तिथे न्यावीत. मी पहिल्या दोन महिन्यांत या प्रश्नाला जे उत्तर देत होते ते आज देणार नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पासाबद्दल थोडक्यात सांगते. पास असला तरी जाण्याचा दिवस आधी आरक्षित करावा लागतो आणि स्वस्तातल्या पासांना सुट्ट्यांचे बरेच दिवस बंद असतात. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट किंवा पास लागत नाही. एका दिवसाच्या तिकिटात तीन ते नऊ वर्षे हा मुलांचा दर आणि दहाव्या वाढदिवसापासून मोठ्यांचा दर असतो, मात्र या दोन दरांतला फरक फार नसतो. त्यामुळे ‘दहा पूर्ण व्हायच्या आत उरकून घेऊ’ या हिशेबात फारसे काही हाती लागत नाही. ‘तीन पूर्ण व्हायच्या आत’ या हिशेबात मात्र अख्खे एक तिकीट वाचते, आणि बहुतेक घरांत वयाचा निर्णय नकळत इथेच होऊन जातो. आमच्याही घरी तसाच झाला होता.

धाकटीला फेब्रुवारीपर्यंत आम्ही फुकट नेत होतो. त्या चार महिन्यांत तिने काय पाहिले, असा प्रामाणिक जमाखर्च मांडला तर पहिल्या ओळीत बदके येतात. डिस्नेलँडमध्ये बदके मोकळी हिंडत असतात आणि किल्ल्यासमोरच्या पाण्याशी बसून ती त्यांच्याकडे वीस-वीस मिनिटे पाहत राही. दुसऱ्या ओळीत आगगाडी येते. ही गाडी पार्कला वळसा घालते आणि शेवटच्या टप्प्यात एका अंधाऱ्या बोगद्यातून डायनोसॉरांच्या देखाव्यांजवळून जाते. तिथे ती माझ्या ओढणीत तोंड खुपसून एका डोळ्याने पाहत असे आणि बाहेर आल्यावर लगेच ‘परत’ म्हणत असे. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ची बोट तिला आवडली. मिकीला मात्र ती पहिल्या भेटीत पाहताच किंचाळली, कारण पुस्तकातला तळहाताएवढा उंदीर प्रत्यक्षात तिच्या दुप्पट उंचीचा निघाला.

तिला सर्वांत मोठी भीती वाटली ती स्वच्छतागृहातल्या आपोआप वाहणाऱ्या फ्लशची. डायपर नुकताच सुटला होता आणि अंगाखालून अचानक पाण्याचा आवाज झाल्यावर तिने पुढचे तीन तास शू धरून ठेवली. एका ओळखीच्या बाईंनी उपाय सांगितला तो असा, की पर्समध्ये चिकटणारे छोटे कागद ठेवावेत आणि मूल बसायच्या आधी फ्लशच्या सेन्सरच्या लाल डोळ्यावर एक चिकटवून टाकावा. दहा महिन्यांत मला मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला हाच होता.

दुपारी दीडच्या सुमारास धाकटी बाबागाडीत झोपत असे, हातात अर्धा खाल्लेला चुरो, म्हणजे साखरेत घोळवलेली तळलेली कांडी, आणि बोटांना साखर. पासधारकाला याचे काहीच वाटत नाही, कारण आम्ही तीन वाजता निमूटपणे घरी परतू शकत होतो. हजारो मैल ओलांडून दोन दिवसांसाठी आलेल्या कुटुंबाची गोष्ट वेगळी असते, कारण त्यांच्यासाठी तो एकेक तास मोजून विकत घेतलेला असतो. म्हणून दोन वर्षांचे मूल न्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर जवळपास राहणाऱ्यांसाठी ‘खुशाल न्यावे’ असे आहे आणि भारतातून येणाऱ्यांसाठी ‘केवळ त्याच्यासाठी आणू नये’ असे आहे.

इथे वय फक्त तिकिटाच्या खिडकीवर विचारतात. आत गेल्यावर सगळा कारभार उंचीवर चालतो, आणि तो इंचांत चालतो. टूनटाउनमधल्या लहानग्यांच्या गॅजेटकोस्टरला ३५ इंच म्हणजे ८९ सेंटिमीटर लागतात. स्पेस माउंटन, बिग थंडर माउंटन, स्टार टूर्स आणि शेजारच्या कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर या दुसऱ्या पार्कमधली रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स यांना ४० इंच म्हणजे १०२ सेंटिमीटर लागतात. मॅटरहॉर्नला ४२, इंडियाना जोन्सच्या जीपला ४६ आणि इन्क्रेडिकोस्टरला ४८ इंच लागतात. या सगळ्या आकड्यांत ४० हा कळीचा आहे, कारण तो ओलांडला की मोठ्या राइडपैकी बहुतेक एकदम खुल्या होतात. मुले साधारण चार वर्षांच्या आगेमागे तिथे पोहोचतात, पण आपल्याकडची अनेक मुले सहा-आठ महिने उशिराही पोहोचतात. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा केलेल्या आहेत आणि या वर्षी त्या खुणा वाढदिवसांपेक्षा जास्त वेळा पाहिल्या गेल्या.

मे महिन्यात पुण्याहून माझे धाकटे दीर, जाऊबाई आणि चार वर्षांचा पुतण्या आले. त्यांच्याकडे पार्कसाठी दोन दिवस होते. उन्हाळ्यात पुणे इथल्यापेक्षा साडेबारा तास पुढे असते, त्यामुळे पुतण्या पहाटे तीनला टक्क जागा होई आणि दुपारी रांगेत उभ्या उभ्या पेंगत असे. पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही बिग थंडरच्या दाराशी पोहोचलो. उंची मोजायच्या काठीखाली तो छाती काढून उभा राहिला आणि त्याने हळूच टाचा उचलल्या. कर्मचारी मुलीने हसून त्याला इंग्रजीत टाचा टेकवायला सांगितल्या, ते न कळून त्याने आईकडे पाहिले, जाऊबाईंनी मराठीत सांगितले, आणि टाचा टेकल्यावर काठी आणि डोके यांच्यात माझी दोन बोटे मावतील एवढी फट दिसली. तो ३९ इंचांचा होता. नियम बरोबरच आहे, कारण सुरक्षेचा दांडा एका ठरावीक अंगापिंडाच्या मुलासाठी बसवलेला असतो आणि तिथे कोणाचीही गयावया चालू नये. पण त्याचा चुलतभाऊ, म्हणजे आमचा मधला, त्याच्या देखत आत गेला आणि उरलेला दिवसभर त्या पोराने कशालाही हौसेने होकार दिला नाही. सेंटिमीटरची पट्टी पुण्यातल्या घरीच भिंतीला लावली असती आणि जे बंद आहे त्याचा विषयच काढला नसता, तर तोच दिवस फॅन्टसीलँड या परीकथांच्या भागात आनंदात गेला असता. जाऊबाई आजही म्हणतात की हे आधी सांगायला हवे होते, आणि ते खरे आहे.

काठीने होकार दिला म्हणजे मूल तयार झाले, असा मात्र माझा समज होता आणि तो मधल्याने मोडला. ऑक्टोबरात तो साडेबेचाळीस इंचांचा होता, म्हणजे मॅटरहॉर्नलाही चालणारा. आम्ही दुसऱ्याच फेरीत त्याला त्यात बसवले. अंधारात लाल डोळ्यांचा हिममानव गुरगुरला आणि त्यानंतर सहा आठवडे त्याने रुळांवरून चालणाऱ्या कोणत्याही गोष्टीत बसायला नकार दिला, आगगाडीतसुद्धा. उलट, उंचीची अट नाही म्हणजे भीती नाही, असेही नाही. पायरेट्सच्या बोटीला अट नाही, पण सुरुवातीलाच अंधारात दोन उतार आहेत. मिस्टर टोडच्या चिमुकल्या मोटारीलाही अट नाही आणि ती शेवटी थेट नरकात जाऊन पोहोचते, हे मी रांगेत उभी असताना कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

माझे निरीक्षण असे आहे की चार ते सहा या वयात भीती वाढते. दोन वर्षांच्या मुलाला अंधार कळत नाही, पाच वर्षांच्याला अंधारात काय असू शकते याची कल्पना करता येते आणि आठ वर्षांच्याला ते खोटे आहे हे माहीत असते. म्हणून या मधल्या वयात मुलाला ‘भीती वाटते’ असे शब्दांत सांगता येणे आणि आपण ते ऐकून रांगेतून माघारी फिरण्याची तयारी ठेवणे, हे उंचीइतकेच महत्त्वाचे ठरते. मधल्याला आम्ही पुढे आधी व्हिडिओ दाखवू लागलो आणि ‘यात उतार आहेत का, अंधार आहे का, मोठा आवाज आहे का’ हे तीन प्रश्न त्याचे तोच विचारू लागला. जानेवारीअखेर त्याने स्वतःहून बिग थंडर मागितली आणि त्या दिवशी सलग तीनदा बसला. आतषबाजीच्या वेळी तो आजही कानांवर जाड हेडफोन चढवूनच उभा राहतो आणि त्यात कमीपणा मानत नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल आई-बाबा सांगलीहून आले होते आणि त्यांच्यामुळे आमचे निम्मे प्रश्न सुटले. बाहेरचे खाणे आत नेता येते, त्यामुळे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि धाकटीचा मऊभात डब्यात असे. आई सावलीतला बाक धरून बसे आणि तिथेच आमचे मुख्य ठाणे होई. आजी-आजोबा नसतील तर ‘रायडर स्विच’ ही सोय वापरावी, जिच्यात एक पालक लहानग्याजवळ थांबतो आणि पहिला परतल्यावर पुन्हा पूर्ण रांग न लावता दुसरा जातो. थोरलीला या सोयीत एकदा तिच्या बाबांबरोबर आणि एकदा माझ्याबरोबर, असे दोनदा बसायला मिळाले आणि तिने त्याबद्दल धाकटीचे मनापासून आभार मानले.

थोरलीकडे पाहूनच माझे ‘जितके मोठे तितके बरे’ हे जुने उत्तर बदलले. ऑक्टोबरात ती सगळ्यांत बसू शकत होती आणि तरीही राजकन्येला भेटायला अर्धा तास उभी राहत होती. दोन्ही गोष्टी एकाच दिवसात मावत होत्या, हेच त्या वयाचे वैशिष्ट्य होते. मार्चमध्ये तिला दहा वर्षे पूर्ण झाली आणि जूनमध्ये त्याच रांगेजवळून जाताना तिने मला खालच्या आवाजात सांगितले की तिथे थांबायला नको, शाळेतले कोणी दिसले तर बरे दिसणार नाही. जुलैत ती ५४ इंचांची झाली आणि ऑटोपियाची छोटी मोटार एकटीने चालवायला पात्र ठरली. गेली तीन वर्षे ती या क्षणाची वाट पाहत होती. एक फेरी मारून उतरली आणि म्हणाली, “आई, मध्ये लोखंडी पट्टी आहे. गाडी तशीही तिथूनच जाते.”

एकदाच यायचे असेल तर माझ्या मते धाकटे मूल सहा वर्षांचे आणि थोरले नऊच्या आत असताना यावे. सहाव्या वर्षी दुपारची झोप सुटलेली असते, ४० इंच मागे पडलेले असतात, पंधरा तासांचा दिवस नसला तरी दहा तासांचा झेपतो, आणि पाहिलेले पुढे आठवते. एकच मूल असेल तर सात हे वय मी निःशंकपणे सांगेन. लहान मुले बरोबर असतील तर फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डपेक्षा १९५५ सालचे हे जुने पार्क बरे, कारण इथे दोन पार्क समोरासमोर आहेत, उंचीची अट नसलेल्या राइड एकमेकींना खेटून आहेत आणि मूल थकले की बाहेर पडायला फार चालावे लागत नाही. फ्लोरिडात चार पार्क लांब लांब पसरलेले आहेत आणि तिथला बराच वेळ प्रवासात जातो. भारतातून येताना पहिले दोन दिवस पार्क ठेवू नये, एवढे मी पुतण्याच्या अनुभवावरून अधिकाराने सांगू शकते.

आमच्यापुरते म्हणाल तर पासाचे पैसे वसूल झाले, मधल्याच्या बाबतीत तर दामदुपटीने. नूतनीकरणाचा प्रश्न मात्र सुटत नाही. धाकटीची खूण काल ३७ इंचांवर पडली, म्हणजे ४० गाठायला तिला अजून वर्षभर तरी लागेल, आणि तोवर थोरली अकरा ओलांडून गेलेली असेल. मधला एकटाच ऐन वयात आहे. पुढच्या वर्षी तिघांचा पास घ्यायचा की दोघांचा, हे आम्ही थोरलीलाच विचारले. तिने ‘बघू’ असे म्हटले आणि मग, आम्ही ऐकत नाही असे समजून, धाकटीला चौकटीशी उभे करून पुन्हा एकदा मोजले.